डोहाळ्याचा चौथा जिन्नस

कीर्तनात माणसानं बसावं, ऐकावं, टाळ वाजवावा, गजर आला की गजर करावा, काला खावा आणि घरी जावं. मध्येच उभं राहून काही कबूल करू नये. वामनरावांना हे आता पक्कं कळलं आहे, पण कळायला उशीर झाला तो झालाच.

तसे वामनराव उभे राहणाऱ्यांतले नव्हतेच. पाटबंधारे खात्यातली सगळी नोकरी त्यांनी खुर्चीत बसून केली, आणि निवृत्तीनंतर नागभीडजवळच्या पळसटोल्यात, हनुमान मंदिराच्या मंडपात, महाराजांच्या मागे टाळकऱ्यांच्या दुसऱ्या ओळीत बसून ते सुखात होते. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला गोपीचंदन. कोणत्या महाराजांचा पूर्वरंग लांबतो, कोणाचा आवाज उत्तररंगात मोकळा होतो, कोण श्रोत्यांना रडवतो आणि कोण नुसता स्वतःच रडतो, हे पंचक्रोशीत वामनरावांनाच विचारावं.

पण यंदाच्या सप्ताहात काल्याच्या कीर्तनाला हरिदास महाराज उभे राहिले, आणि त्यांनी एका राणीच्या डोहाळ्यांचं आख्यान लावलं. राणीला काय खावंसं वाटलं, राजा त्यासाठी कोणता डोंगर चढला, कोणत्या नदीत उतरला, परत येताना त्याच्या पायात किती काटे होते. मृदंग असा बोलत होता की ते काटे मंडपातल्या प्रत्येकाला टोचत होते. मग महाराज थांबले. उपरण्यानं कपाळ टिपलं आणि अगदी हळू म्हणाले, "गर्भिणीचं मागणं तिचं नसते जी. आतल्या लेकराचं असते. अन् लेकरू म्हणजे कोण? देवच ना. ज्याच्या घरी देव तोंडानं मागून राह्यला, तो नाई म्हणन काय?"

वामनरावांच्या घरी देव काहीच मागत नव्हता, हीच पंचाईत होती. त्यांची एकुलती एक लेक रंजीता बेंगळुरूहून पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. सातवा महिना लागला होता आणि पोटात अन्न ठरत नव्हतं. वरणभात उलटायचा, भाकर उलटायची, ताकाची कढी तर वास आल्याबरोबर उलटायची. ब्रह्मपुरीच्या डॉक्टरीणबाईंनी वजनाचा काटा बघून चष्मा काढून ठेवला होता. "जे मागेल ते द्या," त्या म्हणाल्या होत्या. "पण पोटात गेलं पाहिजे. असंच चाललं तर मला हिला भरती करून घ्यावं लागेल. बाळाबद्दल मी आत्ता काही बोलत नाही."

त्या 'बोलत नाही'नं वामनरावांची झोप उडाली होती. त्यात हे आख्यान, त्यात तो मृदंग. वामनराव टाळासकट उभे राहिले.

"महाराज, माह्या घरी लेक हाय. ती जे मागन ते तिच्या पानात पडन. हा माहा शब्द."

मंडप गहिवरला. महाराजांनी स्वतःच्या गळ्यातला हार काढून वामनरावांच्या गळ्यात घातला. बायांनी डोळ्यांना पदर लावले. त्याच भरात दहीहंडी फुटली, आणि हंडीखाली उभा असलेला एकटाच माणूस म्हणून दही बऱ्यापैकी वामनरावांवर आलं.

ते तसेच दह्यात न्हालेले घरी गेले आणि रंजीताच्या खाटेजवळ बसले. "बाई, सांग. काय खावावं वाटते तुले?"

"काई नाई बाबा."

"मी मारुतीसमोर सांगून आलो. आता काई नाई म्हणून जमत नाई."

रंजीता कुशीवर वळली. मग तिनं फोन काढला आणि एक फोटो दाखवला. शेकलेल्या ब्रेडचे काप, त्यात हिरवी पानं, टमाटरच्या चकत्या, काही तरी पोपटी आणि काही तरी तांबूस. "सँडविच हाय, बाबा. हसू नका. हे पान लेट्यूस. हे टमाटर. हे अवोकाडो, फळ असते. रोज स्वप्नात येते माह्या."

वामनरावांना हायसं वाटलं. राजाला डोंगर चढावा लागला, इथं पाला आणि फळावर भागत होतं. "अन् हे लाल?"

"बेकन."

"भाजीच हाय का तेबी?"

"मांस असते बाबा."

स्वयंपाकघराच्या दारात तांदूळ निवडत बसलेल्या तिच्या आईचा, अंजनाबाईंचा हात थांबला. वामनरावांनी फोटो जवळ धरला. "कोंबडीचं?"

रंजीतानं मान हलवली.

"बकऱ्याचं?"

"डुकराचं," रंजीता म्हणाली.



"तुनं कुठी खाल्लं हे?" अंजनाबाईंनी विचारलं.

"ऑफिसच्या खाली दुकान हाय. प्रफुल घेऊन गेलते."

जावयाचं नाव निघाल्यावर बोलायची सोय उरली नाही. जावई दूर असला तरी जावईच. अंजनाबाईंनी सूप उचललं आणि आत जाऊन असे काही तांदूळ पाखडले की त्यातला खडाच काय, तांदूळही उडाला असावा.

रंजीतानं एकदा बापाच्या तोंडाकडे बघितलं. फोन उशीखाली सारला. "राहू द्या बाबा. मी सहज सांगतलं." आणि ती भिंतीकडे तोंड करून निजली. तिची पाठ बघून वामनरावांना आठवलं की लहानपणी ही पोर काही मागून नाही मिळालं तर रडायची, भांडायची, अंगणात लोळण घ्यायची. असं मुकाट्यानं निजायची नाही.

पायात काटे मोडलेले परवडले असते, असं वामनरावांच्या मनात आलं. राणीनं आंबा मागितला असेल, नाहीतर चंद्र. कोणत्या राणीनं राजाला असं धर्मसंकटात घातलं, ते महाराजांनी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी त्यांनी अंजनाबाईंसमोर विषय काढला. अंजनाबाईंनी अटी घातल्या. ते माझ्या फ्रिजमध्ये येणार नाही. माझ्या चुलीवर चढणार नाही. माझ्या कोणत्या भांड्याला शिवणार नाही. "अन् घरात त्याचं नाव बी घ्याचं नाई."

म्हणून त्या दिवसापासून त्याला 'चौथा जिन्नस' म्हणायचं ठरलं.

गावात शब्द देऊन आल्यावर गाव स्वस्थ बसत नाही. सकाळी समोरच्या वच्छलाबाई आल्या. त्यांनी फोनमधलं लेट्यूस जवळून बघितलं, लांबून बघितलं आणि निकाल दिला, "हे तं उघडून ठेवलेलं पत्ताकोबी हाय." दुपारपर्यंत वामनरावांच्या ओसरीवर चवळाई, पोई, मुळ्याचा पाला आणि लाखोळीची कोवळी भाजी यांचे ढीग लागले. प्रत्येक जण म्हणे, पान ते पान, पोटात गेल्यावर काय वेगळं होते. ब्रेड नागभीडच्या बेकरीतून आला. तो गोड होता आणि त्यात रंगीत चुरा होता. बेकरीवाला म्हणाला की गर्भारणीसाठी म्हणून मुद्दाम चांगल्यातला दिला.

चौथा जिन्नस गुप्त ठेवायचा होता. पण वच्छलाबाईंनी रंजीताच्या डोक्याला तेल लावता लावता तो काढून घेतला, आणि मग सगळ्या गावाला तो ठाऊक झाला. गाव मात्र सज्जन. वामनरावांच्या तोंडावर कोणी नाव घेतलं नाही. सगळे चौथाच म्हणत. "काय वामनराव, चौथ्याचं काई जमलं काय?" एसटीच्या थांब्यावर, पिठाच्या गिरणीत, मंदिराच्या पायरीवर. ज्या माणसानं जन्मात कांद्याची भजी खाल्ली नाहीत, त्याला गाव रोज डुकराची खुशाली विचारू लागलं.

त्यातल्या त्यात शेजारचे मुखरूभाऊ मनानं फार चांगले. धानाची शेती, काही मागितलं तर नाही म्हणायची सवय नाही, न मागितलं तरी नाही. ते एका सकाळी कुंपणावरून वाकले आणि आवाज खाली करून म्हणाले, "वामनराव, तुमी कायले हैराण होऊन राह्यले? तुमाले जे पायजे ते माह्या बांधीत रोज येते. धान लोळवून जाते. तुमी फक्त हो म्हणा."

"मुखरूभाऊ, तो गुन्हा होते. रानडुक्कर मारता येत नाई."

"अन् तो माह्या धानावर जो गुन्हा करून राह्यला तो?"

"त्याचा अर्ज द्या. नुकसानभरपाई भेटते."

"अर्ज देल्ला. आता मी म्हणतो अर्ज बी त्यानंच खाल्ला असन."

मुखरूभाऊंचा हळू आवाज हा त्यांच्या मते हळू होता. तो पलीकडच्या गल्लीत गेला, तिथून पानठेल्यावर, आणि पानठेल्यावरून जंगलखात्याच्या नाक्यापर्यंत. वामनरावांना त्याचा पत्ता पुढं लागला.

शेवटी जावयाला फोन करावा लागला. प्रफुलनं बेंगळुरूत बसल्या बसल्या नागपूरच्या कोणत्या तरी दुकानातून अवोकाडोची जोडी मागवली आणि ती ट्रॅव्हल्सच्या गाडीनं आली. बाकीचं दुकानात यायचं होतं. फळं हिरवीगार, आणि इतकी टणक की वामनरावांनी एक हातात घेऊन ओसरीवर ठोकलं तर ओसरीचा पोपडा निघाला.

"पिकवा लागते," वच्छलाबाई म्हणाल्या. यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्यांनी टोपलीत धानाचं तणस पसरलं, आंब्याची अढी लावतात तशी ती जोडी आत निजवली आणि वरून पुन्हा तणस घातलं. ठीक झालं. पण अढी लावली की तिला दाबून बघायची गावाची रीत. येणारा जाणारा ओसरीवर टेकायचा, तणसात हात घालायचा, फळ काढून अंगठ्यानं दाबायचा आणि "नाई, अजून नाई" म्हणून परत ठेवायचा. वामनरावांनी टोपली आत नेली तर लोक आत आले. टोपली माळ्यावर ठेवली तर मुखरूभाऊंनी शिडी आणली. फळं पिकण्याआधीच त्यांच्यावर गावाचे अंगठे उठले होते.

तरी ती पिकली. नेमकी एकादशीच्या दिवशी. वामनराव त्या दिवशी रंजीताचं औषध आणायला ब्रह्मपुरीला गेले होते, आणि घरात अंजनाबाई होत्या. अंजनाबाईंच्या घराण्यात एक नेम चालत आलेला. घरात जे फळ नव्यानं येईल, ते आधी मारुतीला. मग ते सीताफळ असो की टरबूज. आणि देवाला द्यायचं तर एकुटवाणं द्यायचं नाही, जोडीनं द्यायचं. त्यांनी तणस बाजूला सारलं, जोडी धुतली, तिला हळदकुंकू लावलं आणि मंदिरात नेऊन ठेवली.

वामनराव परत आले तेव्हा पुजाऱ्यानं फळाची खांडोळी केलेली होती आणि एकादशीच्या भजनाला आलेल्यांना प्रसाद वाटून झाला होता.

प्रसादाला कोणी नाव ठेवत नाही, हे आपल्या लोकांचं मोठेपण. सगळ्यांनी हात पुढं केला, कपाळाला लावला, तोंडात टाकला.  टाळकरी एकमेकांकडे न बघता चघळत राहिले. बुधू मृदंगवाला सगळ्यात थोर, त्यानं न चावता गिळला. "लोण्यावाणी लागते," शेवटी एक जण म्हणाला. "मीठ नाई घातलेलं लोणी," दुसरा म्हणाला. मुखरूभाऊंनी साखर पायजे होती एवढंच मत दिलं.

वामनराव घरी गेले आणि अंजनाबाईंना काहीच बोलले नाहीत. बोलणार काय? देवाला का दिलं, असं माळकऱ्यानं बायकोला विचारावं? ते ओसरीवर बसले आणि त्यांनी रिकाम्या टोपलीकडे बघत खूप वेळ तणसाची काडी मोडली.

पण अंजनाबाईंनी रंजीताच्या वाट्याचा प्रसाद आणला होता. नखाएवढा. रंजीतानं तो जिभेवर ठेवला, डोळे मिटले. वच्छलाबाई नेहमीसारख्या उलटीचं घमेलं धरून बसल्या. घमेलं रिकामंच राहिलं. तेवढी चिमूट पोटात ठरली. अंजनाबाईंनी ते बघितलं, आणि उठता उठता वामनरावांना म्हणाल्या, "जावयाले पुन्हा फोन लावा. चौथ्यासकट सांगा." मग जरा थांबून, "पण माह्या भांड्यात नाई."

या वेळी प्रफुलनं सगळं एकत्र पाठवलं. थर्माकोलचा डबा, त्यात बर्फ, लेट्यूस, अवोकाडो आणि चौथा जिन्नस. दुपारच्या गाडीनं येणार होता. वामनराव थांब्यावर जाऊन उभे राहिले. गाडी आली, माणसं उतरली, कंडक्टरनं वामनरावांना बघितलं आणि तोंड दुसरीकडे केलं.

"माहं पार्सल?"

"नाक्यावर हाय," कंडक्टर म्हणाला. "जंगलवाल्यायनं उतरवून घेतलं. डबा उघडला तं आत..." त्यानं वामनरावांच्या गोपीचंदनाकडे बघितलं आणि पुढचं गिळलं.

मुखरूभाऊंनी लगेच मोटरसायकल काढली. त्यांना नेऊ नये, असं वामनरावांना आतून वाटत होतं, पण दुसरी मोटरसायकल नव्हती.

नाक्यावर मिथुन नावाचा वनरक्षक बसला होता. तरुण, सरळ, कामाचा पक्का. समोर टेबलावर डबा उघडा. रस्त्यानं जाणारी सायकलवाली माणसं उतरून बघत होती.

"हे तुमचं हाय?" मिथुननं विचारलं.

"माहंच."

त्यानं माळ बघितली. कपाळ बघितलं. "खायले?"

"मी नाई खात."

"मंग विकाले?"

"लेकीसाठी हाय, साहेब. डोहाळा हाय तिचा."

मिथुन जरा नरमला. त्याचं नुकतंच लग्न झालं असावं. "डोहाळा हाय तं ठीक हाय, काका. पण आमच्याकडं खबर हाय का पळसटोल्यात कोणी तरी डुक्कर मांगून राह्यलं. आता हे रानातलं हाय का पाळलेलं, मले कसं समजन? कातडं नाई, केस नाई, खूर नाई. नुसती पट्टी."

आतापर्यंत गप्प असलेले मुखरूभाऊ पुढं झाले. "साहेब, मी शपथ घेऊन सांगतो, हे माह्या बांधीतलं नाई."

मिथुननं पेन उचललं. "तुमची बांधी कुठी हाय?"

त्यानंतर मुखरूभाऊंची बांधी, त्यात डुक्कर येतं का, कधी येतं, तुम्ही काय करता, असं सगळं सुरू झालं. वामनराव डब्यातल्या बर्फाकडे बघत राहिले. बर्फाचं पाणी होत होतं आणि त्या पाण्यात लेट्यूस पोहत होतं. बिल दाखवा म्हणाला, तर बिल जावयाच्या फोनमध्ये, आणि नाक्यावर फोनला रेंज नाही. पाकिटावर लिहिलेलं आहे म्हटलं, तर पाकिटात कोणी काहीही भरेल म्हणाला. आणि खरं म्हणजे त्याचं चुकत नव्हतं, याचाच वामनरावांना जास्त राग येत होता. चुकणाऱ्या सरकारी माणसाशी भांडायची त्यांना नोकरीभराची सवय होती. बरोबर असणाऱ्याचं काय करायचं?

"गुरायच्या डॉक्टरले आणा," मिथुन शेवटी म्हणाला. "ते सांगतीन ते मी मानतो." आणि त्यानं स्वतः उठून डबा सावलीत सरकवला, तेवढा भला होता.

गुरांचे डॉक्टर पुढच्या गावात बैलांना लस टोचत होते. मुखरूभाऊंनी त्यांना तसंच मागच्या सीटवर बसवून आणलं. डॉक्टरांनी पाकीट फोडलं, एक पट्टी उजेडात धरली, वास घेतला. "धुरी दिलेलं आहे, मीठ लावलेलं आहे, यंत्रावर कापलेलं आहे," ते म्हणाले. "रानडुक्कर इतकं सरळ नसतं." आणि त्यांनी दाखला लिहून दिला. त्यांच्याकडच्या छापील दाखल्यात पशुपालकाचं नाव ही एकच जागा होती, म्हणून तिथं वामनरावांचं नाव गेलं, आणि खाली पशूचा प्रकार, वराह. वामनराव म्हणाले की हे बदलता येईल का. डॉक्टर म्हणाले, बदलायचं तर मग अर्ज द्यावा लागेल. वामनरावांनी सही केली. चाळीस वर्षं गळ्यात माळ वागवल्यावर सरकारदप्तरी ते वराहपालक झाले.

घरी पोचेपर्यंत बर्फ उरला नव्हता आणि लेट्यूसचा फक्त आतला गाभा तग धरून होता. चौथा जिन्नस उद्यापर्यंत टिकणार नव्हता. जे काय करायचं ते लगेच करायचं होतं.

मागच्या अंगणात, पेरूखाली, त्यांनी विटांची चूल मांडली. तवा मुखरूभाऊंकडचा. वामनरावांनी आयुष्यात पापडही तळला नव्हता. त्यांनी उपरणं नाकावर बांधलं, माळ काढायचा तर प्रश्नच नव्हता, ती फिरवून पाठीवर टाकली. तिला दिसू नये म्हणून. मग काडीनं एक पट्टी तव्यावर सोडली. डॉक्टरीणबाईंनी फोनवर बजावलं होतं, खरपूस होऊ द्या, कच्चं अजिबात नको. पट्टीनं आधी काहीच केलं नाही. मग ती आक्रसली, मग तिला तूप सुटलं, आणि मग ते तूप वामनरावांच्या अंगावर उडायला लागलं. गल्लीतली सगळी कुत्री कुंपणाशी येऊन ओळीत बसली.

"पलटवा बाबा," रंजीता मागच्या खोलीच्या खिडकीतून सांगत होती. खूप दिवसांनी ती उठून बसली होती. खिडकीच्या गजांना धरून, मान लांब करून तव्याकडे बघत होती. "आता दुसऱ्या बाजूनं."

"पलटवून तं राह्यलो. हे काडीले चिपकून राह्यलं."

अशात पुढच्या दारी जीप थांबली. हरिदास महाराज दुसऱ्या गावच्या सप्ताहाला चालले होते, आणि त्यांच्याबरोबर त्या गावची मंडळी होती. काल्याच्या कीर्तनानंतर महाराजांनी जिथं जिथं कीर्तन केलं, तिथं तिथं वामनरावांचा दृष्टांत दिला होता. कलियुगातसुद्धा लेकीसाठी देवासमोर उभा राहणारा बाप आहे, नागभीडच्या बाजूला, या डोळ्यांनी बघून आलो. लोक म्हणाले, आम्हाला त्यांचं दर्शन घडवा. म्हणून ते दर्शनाला आले होते. ओसरीवर कोणी नाही म्हणून धुराच्या मागानं ते अंगणात आले.

वामनरावांनी मागं वळून बघितलं. महाराज, त्यांच्या मागं पांढऱ्या टोप्या, त्यांच्या मागं वच्छलाबाई आणि निम्मी गल्ली. हातात काडी, काडीच्या टोकाला चौथा जिन्नस.

"वामनराव," महाराज प्रेमानं म्हणाले, "काय शिजून राह्यलं?"

"डोहाळा हाय, महाराज."

"ते तं दिसते. कायचा हाय?"

वडे म्हणता आलं असतं. वामनरावांच्या जिभेवर वडे आलेही. पण त्यांचं लक्ष खिडकीकडे गेलं. रंजीतानं गज सोडले होते. ती मागं सरकत होती, तोंडावर तोच त्या दिवशीचा भाव. "राहू द्या बाबा," ती हळूच म्हणाली. "मले आता नाई खावावं वाटत."

वामनरावांनी नाकावरचं उपरणं खाली ओढलं.

"डुकराच्या मांसाचा हाय, महाराज," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "माह्या लेकीच्या लेकरानं मागतला. मी देतो म्हणून सांगतलं होतं, म्हणून देऊन राह्यलो. बाई, इकडं ये. इथंच बस."

पांढऱ्या टोप्या दोन पावलं मागं झाल्या.  ज्या महाराजांना कोणत्याही प्रसंगी दृष्टांत सुचतो, ते नुसते धुराकडे बघत उभे होते. वामनरावांना ते सगळ्यात असह्य झालं.

"तुमी आधी सांगाचं होतं मले," महाराज शेवटी म्हणाले. "मी सिंदेवाहीपर्यंत तुमचं नाव सांगून आलो. आता पुढं काय सांगू?"

"जे हाय ते सांगा."

महाराज कपडे धुवायच्या दगडावर बसले. त्यांनी उपरण्याचा पदर नाकाला लावला.  मग पदराआडून म्हणाले, "मागणाऱ्याच्या गळ्यात अजून माळ पडाची हाय. त्याचा हिशोब आपण कायले करावा? अन् वामनराव, ते पलटवा. करपून राह्यलं."

अंजनाबाई आतून आल्या. त्यांच्या हातात घरातलं ताट होतं, रोजच्या जेवणातलं. वामनरावांनी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी ताट विटेवर ठेवलं आणि कोणाकडेही न बघता म्हणाल्या, "मंग पोरीनं काय पत्रावळीवर खाचं?"

बेकरीतून पुन्हा ताजा आणलेला तोच गोड ब्रेड चुलीवर शेकला. त्यावर लेट्यूसचा गाभा, अंगणातल्या टमाटरच्या चकत्या, या वेळी पिकूनच आलेला, गावाच्या अंगठ्यांपासून वाचलेला अवोकाडो, आणि चौथा. रंजीता पेरूखाली खाटेवर बसली. तिनं पहिला घास घेतला. कोणी चवीचं विचारलं नाही, चवीशी कोणाला काही घेणं नव्हतं. वच्छलाबाई घमेलं धरून तयार होत्या. महाराजांसकट सगळे तिच्या गळ्याकडे बघत होते. घास खाली गेला. दुसरा गेला. तिनं डोळे मिटले, सगळ्यांनी श्वास धरला, आणि तिनं डोळे उघडून तिसरा घेतला. वच्छलाबाईंनी घमेलं मांडीवरून खाली ठेवलं.

ती सावकाश खात राहिली. ब्रेडचा चुरा बोटानं टिपून खाल्ला. बोटं चाटली.

"बाबा," मग ती म्हणाली, "ब्रेड लय गोड हाय. यात टुटीफ्रुटी कोण घालते? अन् एका बाजूनं करपलं, एका बाजूनं धड कुरकुरीत बी नाई झालं. टमाटर तं एवढं जाड कापलं का तोंडात मावत नाई."

वामनरावांना राग आला. नाक्यावर तासन्‌तास उभं राहून, वराहपालक होऊन, हातावर फोड घेऊन, वर हे ऐकायचं. "मले काय हे येते काय?" ते म्हणाले. "माह्या बापानं केलतं काय कधी?"

"तसं नाई हो बाबा. पातळ कापा म्हणून सांगून राह्यली." तिनं ताट पुढं केलं. "अजून हाय ना?"

या घरात कित्येक दिवसांत जेवणाला कोणी नावं ठेवली नव्हती. अंजनाबाईंनी तोंड फिरवून पेरूच्या पानांकडे बघितलं. वामनरावांनी हातातलं ताट बघितलं. त्यात टमाटरच्या रसाचा एक डाग उरला होता, बाकी काही नाही. ते काही तरी पुटपुटले, माळ पुन्हा पाठीवर टाकली आणि चुलीसमोर जाऊन बसले.

"इस्तो कमी झाला," महाराज म्हणाले, आणि दगडावरून उठून फुंकणी हातात घेतली.